नवव्या मजल्यावरचे दार

घराच्या दाराला दोन कामे असतात. बाहेरच्याला आत येऊ न देणे हे एक, आणि आतल्याला हवे तेव्हा बाहेर पडू देणे हे दुसरे. पहिल्या कामाची आठवण माणसाला रोज रात्री होते. म्हणून कडी, कोयंडा, अडसर, कुलूप अशी एकाहून एक भक्कम साधने त्याने शोधून काढली. दुसऱ्या कामाची आठवण सहसा होत नाही, आणि होते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९११ साली एका दाराने पहिले काम चोख बजावले व दुसरे मुळीच बजावले नाही. त्यापायी झालेली प्राणहानी एका तीस वर्षांच्या स्त्रीने रस्त्यावर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. फ्रान्सिस पर्किन्स हे त्या स्त्रीचे नाव. पुढे बावीस वर्षांनी अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसणारी पहिली स्त्री ती हीच.

फ्रान्सिसचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बॉस्टन येथे झाला. तिचे पाळण्यातले नाव फॅनी. फ्रान्सिस हे नाव तिने मोठेपणी घेतले. वडिलांचे वुस्टर गावी कागद, शाई, लेखण्या इत्यादी लेखनसाहित्याचे दुकान होते. दुकानदार असले तरी त्यांना जुन्या ग्रीक वाङ्मयाचा नाद होता व मुलीलाही त्यांनी घरीच ग्रीक भाषेचे धडे दिले. उन्हाळ्याची सुटी मेन प्रांतातील न्यूकॅसल या खेड्यात आजीच्या सहवासात जाई. फ्रान्सिस दहा-बारा वर्षांची असताना आईने तिला एकदा टोपीच्या दुकानात नेले आणि तिचा चेहरा रुंद असल्यामुळे तिला शोभेल अशी म्हणून एक तिकोनी टोपी घेऊन दिली. त्या घाटाची टोपी तिने पुढे जन्मभर वापरली. या टोपीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

लहानपणी तिला एक कोडे पडे. गावातील काही सज्जन माणसे गरीब का, असे ती घरी विचारी. दारू आणि आळस यांमुळे दारिद्र्य येते, हे त्या काळच्या सुखवस्तू कुटुंबांतील ठरीव उत्तर तिला मिळे. माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयात ती गेली तेव्हा मात्र हे उत्तर लटके पडू लागले. तिचा मुख्य विषय पदार्थविज्ञान होता. परंतु अर्थशास्त्राच्या इतिहासाच्या एका अध्यापिकेने आपल्या विद्यार्थिनींना जवळच्या कागदाच्या व कापडाच्या गिरण्या पाहून येण्यास सांगितले. तेथे फ्रान्सिसला दिसले ते असे, की एखाद्या मजुराचा हात यंत्रात सापडला, तर त्या क्षणी त्याच्या घरची मिळकत थांबते. मग तो माणूस दारू पीत असो वा नसो. १९०२ साली, ती पदवीधर होण्याच्या सुमारास, फ्लॉरेन्स केली या समाजसेविका महाविद्यालयात व्याख्यानास आल्या. लहान मुले व स्त्रिया यांना कारखान्यांत किती राबविले जाते, याची माहिती त्यांनी दिली. आपले काम कोणते, हे फ्रान्सिसला त्या दिवशी उमगले.

काही वर्षे शिक्षिकेची नोकरी करता करता ती शिकागोच्या हल हाउस या सेवागृहात जाऊ लागली. १९०७ साली ती फिलाडेल्फियास गेली. दूरदूरच्या गावांहून कामासाठी शहरात येणाऱ्या मुलींना काही दलाल नोकरीचे आमिष दाखवून फसवीत. त्यांचा छडा लावण्याचे काम तिच्याकडे होते. एका रात्री घरी परतताना दोघे इसम तिच्या पाठीस लागले. ती गर्रकन वळली, छत्री उगारली आणि त्यांतील म्होरक्या दलालाचे नाव घेऊन मोठ्याने ओरडली. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या व दोघांनी पोबारा केला. १९०९ साली ती न्यूयॉर्कला आली. दुसऱ्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी तिने मिळविली आणि फ्लॉरेन्स केली यांच्या ग्राहक संघाच्या न्यूयॉर्क शाखेची ती चिटणीस झाली. येथून पुढे त्यांचा उल्लेख पर्किन्सबाई असाच केला पाहिजे. कारण वयाने तरुण असल्या, तरी कामाने त्यांनी तो मान मिळविला होता.

संघाचे काम बसल्या जागचे नव्हते. पर्किन्सबाई तळघरांतील पावभट्ट्यांत उतरत, कणीक कोठे मळली जाते, सांडपाणी कोठे जाते, हे पाहून टिपून घेत. स्त्रियांना आठवड्याला ५४ तासांहून अधिक काम देऊ नये, असा कायदा व्हावा म्हणून त्या आल्बनी येथील विधिमंडळात खेटे घालीत. १९१० च्या नोव्हेंबरात जवळच्या नेवार्क शहरी एका कारखान्याला आग लागून वीसहून अधिक कामकरी स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. तेव्हापासून आगीचा धोका हाही त्यांच्या काळजीचा एक विषय होऊन बसला होता.

२५ मार्च १९११, शनिवार. वॉशिंग्टन चौकातील एका परिचित बाईंच्या घरी पर्किन्सबाई चहाला गेल्या होत्या. दुपार कलली होती. एकाएकी बंबांच्या घंटा ऐकू आल्या, माणसांचा कोलाहल ऐकू आला. सर्वजणी उठल्या. पर्किन्सबाई झगा सावरीत चौक ओलांडून धावत गेल्या.

चौकाच्या पूर्वेस ॲश नावाची दहा मजली इमारत होती. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल कंपनीचा स्त्रियांची पोलकी शिवण्याचा कारखाना होता. सुमारे पाचशे माणसे तेथे काम करीत. त्यांत बहुसंख्य मुली होत्या. इटलीतून आणि पूर्व युरोपातून नुकत्याच आलेली ज्यू व इटालियन कुटुंबे. त्यांच्या या लेकी. कित्येकींना इंग्रजी धड बोलता येत नसे. मृतांतील दोघी तर अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या.

काम सुटण्यास चारपाच मिनिटे उरली असताना आठव्या मजल्यावर, कापणीच्या मेजाखालच्या चिंध्यांच्या पेटीत आग पेटली. तलम सुती कापड, कागदी नमुने, लाकडी मेजे, तेलकट यंत्रे. आगीला आणखी काय हवे? आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर दूरध्वनीने सूचना गेली. दहाव्यावरची बहुतेक माणसे गच्चीवर चढली व शेजारच्या इमारतीवर उतरून वाचली. आठव्यावरचीही बरीच खाली पळाली. मधल्या नवव्या मजल्याला मात्र कोणीच काही कळविले नाही. तेथे आग स्वतःच खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा मुलींना ती समजली.

नवव्या मजल्याला दोन जिने होते. त्यांपैकी ग्रीन स्ट्रीटच्या बाजूच्या जिन्याशी लवकरच ज्वाळा पोचल्या. काहीजणी त्यातून निसटल्या, बाकीच्या वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या जिन्याकडे धावल्या. त्या जिन्याच्या दाराला कुलूप होते.

ते कुलूप का होते, हे समजून घेतले पाहिजे. मालकांना चोरीचे भय वाटे. एखादी मुलगी पोलके किंवा चिमूटभर लेस कपड्यांत लपवून नेईल, अशी त्यांची धास्ती. म्हणून संध्याकाळी सर्वांनी ग्रीन स्ट्रीटच्या एकाच दाराने जावे, तेथे रखवालदाराने प्रत्येकीची पिशवी उघडून पाहावी, आणि दुसरे दार बंद असावे, अशी व्यवस्था होती. दोन दारांवर दोन रखवालदार ठेवण्यापेक्षा एका दाराला कुलूप घालणे स्वस्त पडे. पुढे खटल्यात मालकांपैकी एकाला विचारण्यात आले, की अशा चोऱ्यांत किती किमतीचा माल गेला होता. त्याने कबूल केले, की ती रक्कम पंचवीस डॉलरांहून अधिक भरणार नाही.

दाराशी मुलींची दाटी झाली. मागच्या पुढच्यांना रेटू लागल्या. दार आतल्या बाजूस उघडणारे होते, तेव्हा कुलूप नसते तरी त्या गर्दीत ते उघडणे कठीणच गेले असते. उद्वाहकाच्या चालकांनी जिवावर उदार होऊन अनेक खेपा केल्या आणि पुष्कळांना वाचविले. पण उष्णतेने तोही मार्ग लवकरच बंद पडला. इमारतीमागची लोखंडी शिडी भाराने मोडून खाली आली. इमारत बांधताना कायद्याप्रमाणे तिसरा जिना हवा होता. त्याच्या जागी ही शिडीच जमेस धरली गेली होती! अग्निशामक दल तत्परतेने आले. परंतु त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत. मग खिडक्यांच्या कठड्यांवर उभ्या राहिलेल्या मुली एकेकटीने, क्वचित एकमेकींचे हात धरून, खाली उड्या घेऊ लागल्या. पन्नासाहून अधिक जीव असे गेले. खाली धरलेल्या जाळ्या त्या वेगाने फाटून गेल्या.

पर्किन्सबाई पोचल्या त्या या क्षणी. त्यांना करता येण्यासारखे काहीच नव्हते. गर्दीतील इतरांप्रमाणे त्याही वर पाहत उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाच्या आत सारे संपले. १४६ माणसे मेली. त्यांतील १२३ स्त्रिया व मुली होत्या. इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि ती खरोखरच अग्निरोधक ठरली. भिंती, जमिनी, छत सारे शाबूत राहिले. आतली माणसे तेवढी राहिली नाहीत.

मालकांवर खटला झाला. राखेतून एक कुलूप सापडले होते. त्याची जीभ बाहेर आलेली, म्हणजे ते लावलेल्याच स्थितीत होते. ते न्यायालयात पंचांपुढे मांडण्यात आले. परंतु दार त्या घटकेला बंद होते हे मालकांना स्वतःला ठाऊक होते, असे निःसंशय सिद्ध झाले पाहिजे, असा कायद्याचा अर्थ न्यायाधीशांनी सांगितला. आणि १९११ च्या डिसेंबरात मालक निर्दोष सुटले. १९१३ साली त्यांच्यापैकी एकाच्या नव्या कारखान्यात कामाच्या वेळी पुन्हा दाराला कुलूप आढळले. त्याला वीस डॉलर दंड झाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कारखान्याची दारे कामाच्या वेळी कुलूपबंद असू नयेत आणि शक्य असेल तेथे ती बाहेरच्या बाजूस उघडावीत, असा नियम न्यूयॉर्कच्या कायद्यात आगीपूर्वीही होता. खटला त्याच्याच आधारे झाला होता. ॲश इमारतीचे जिन्यापुढील फरसबंद इतके अरुंद होते, की दार बाहेर उघडणे शक्य नाही असे म्हणण्यास जागा होती. शक्य असेल तेथे, या तीन शब्दांतून ती पळवाट मिळाली. कुलूप आहे की नाही हे पाहण्यास फिरणारे निरीक्षक फारच थोडे. तेव्हा नुसता कायदा असून भागत नाही, तो कोणाच्या डोळ्यांखाली अमलात येतो हे पाहावे लागते, ही गोष्ट पर्किन्सबाईंनी पुरती ओळखली.

आगीनंतर शहरात संतापाची लाट उसळली. नागरिकांनी एक सुरक्षा समिती स्थापन केली आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीवरून तिचे चिटणीसपद पर्किन्सबाईंना मिळाले. राज्याच्या विधिमंडळानेही १९११ च्या जूनमध्ये कारखाने चौकशी मंडळ नेमले. रॉबर्ट वॅग्नर हे त्याचे अध्यक्ष व आल्फ्रेड स्मिथ हे उपाध्यक्ष. दोघेही राजकारणात मुरलेले, परंतु कारखान्याच्या आत काय चालते याची त्यांना फारशी कल्पना नव्हती. पर्किन्सबाईंनी ठरविले, की यांना अहवाल वाचावयास देण्याऐवजी प्रत्यक्षच दाखवावे. स्मिथ यांना त्यांनी पहाटे एका दोर वळण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभे केले. रात्रभर दहा तास राबून थकलेल्या बाया त्यांच्यासमोरून घरी गेल्या. फळभाज्या डब्यांत भरण्याच्या एका कारखान्यात पाच ते सात वर्षांची पोरे पहाटेपासून शेंगा सोलताना मंडळाच्या सभासदांना दिसली. आणि वॅग्नर यांना तर त्यांनी एका भिंतीतल्या लहानशा भोकातून रांगत पलीकडे जावयास लावले. पलीकडे बर्फाने माखलेली एक लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीपासून बारा फुटांवर संपत होती. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून त्या कारखान्याने तीच दाखविली होती!

सिनेटर महाशयांचे कपडे खराब झाले असतील. पण ती शिडी ते विसरले नाहीत. मंडळाने पहिल्याच वर्षी अठराशेहून अधिक कारखाने तपासले. १९१२ ते १९१४ या अवधीत तीसहून अधिक कायदे संमत झाले. उंच कारखान्यांत आपोआप पाणी फवारणाऱ्या नळांची योजना, ठरावीक मुदतीने बाहेर पडण्याची कवाईत, कारखान्यांची नोंदणी, निरीक्षकांच्या संख्येत वाढ, जिन्यांची रुंदी, मजल्यावर किती माणसे असावीत त्याची मर्यादा, अशा कितीतरी गोष्टी त्यांत आल्या. या मर्यादेमागचा विचार साधा होता. जिन्याने जितकी माणसे वेळेत उतरू शकतील तितकीच वर असावीत. तोवर हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

५४ तासांच्या कायद्याच्या वेळी मात्र पर्किन्सबाईंची खरी परीक्षा झाली. १९१२ साली अधिवेशन संपता संपता विरोधकांनी अशी युक्ती योजली, की डबाबंद फळभाज्यांचे कारखाने वगळून मसुदा एका सभागृहात मांडावयाचा. ग्राहक संघ हे वगळणे कधीच मान्य करणार नाही, दोन सभागृहांचे मसुदे जुळणार नाहीत आणि कायदा आपोआप बारगळेल, असा त्यांचा डाव. पर्किन्सबाईंना विचारावयास कोणी जवळ नव्हते. क्षणभर विचार करून त्यांनी अपुरा मसुदा पत्करला. काही थोड्या स्त्रिया वाऱ्यावर सोडाव्या लागतात हे शल्य होतेच. परंतु लाखो स्त्रियांना लाभ होत होता. मते कमी पडू लागली, तेव्हा घरी जाण्यासाठी बोटीवर चढलेल्या टिमोथी सलिव्हन या पुढाऱ्याला त्यांनी निरोप धाडून परत बोलाविले. तो आपल्या एका नातलगासह टेकडी चढून धापा टाकीत सभागृहात पोचला आणि कायदा संमत झाला. आता आपल्याला बोल लागणार, या भीतीने त्या फ्लॉरेन्स केली यांच्यापुढे गेल्या. पण त्या कठोर स्वभावाच्या गुरूने त्यांना आनंदाने शाबासकी दिली.

तिकोनी टोपीची गोष्ट याच काळातली. आपल्यासारख्या तरुण स्त्रीशी बोलताना राजकारणी पुरुष अवघडतात, पण आपल्या आईची आठवण करून देणाऱ्या स्त्रीचे ते निमूटपणे ऐकतात, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून त्या काळा साधा झगा, मोत्यांची माळ व ती टोपी अशा प्रौढ वेषात वावरू लागल्या. पुरुषांच्या मनाविषयीची आपली निरीक्षणे त्यांनी एका लाल पाकिटात जपून ठेवली होती म्हणतात. बाई विनोदीही होत्या, असे दिसते.

दाराच्या प्रश्नाला आता पुन्हा वळू. मालकांचे चोरीचे भय अगदीच निराधार होते असे नाही. ज्याच्या घरात चार वस्तू आहेत त्याला दार बंद करावेसे वाटणारच. मग बाहेरून बंद आणि आतून खुले असे दार करता येईल काय? त्याचे उत्तर अमेरिकेत तोवर मिळालेलेही होते. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉइस नाट्यगृहाला आग लागून सहाशेहून अधिक प्रेक्षक मेले. तेथे काही दारे कुलूपबंद होती, तर काहींना लोकांना न उमगणाऱ्या विचित्र खिट्ट्या होत्या. त्यानंतर १९०८ साली इंडियानापोलिस शहरातील काही मंडळींनी एक नवे साधन बाजारात आणले. दाराच्या आतल्या अंगाला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा बसविलेला असतो. बाहेरून येणाऱ्याला किल्ली लागते. आतल्याने मात्र तो दांडा हाताने, कमरेने, अगदी गर्दीच्या रेट्याने ढकलला तरी खिट्टी मागे सरते आणि दार बाहेरच्या बाजूस उघडते. अंधारात, धुरात, भेदरलेल्या माणसालाही ते जमते. ट्रायँगलच्या नवव्या मजल्यावर असा एक दांडा असता तर!

घरच्या कुलपाचेही तसेच आहे. काही कुलपांना आतल्या बाजूने फिरवावयाची मूठ असते, तर काहींना आतूनही किल्लीच लागते. दाराला काच असेल, तर चोर काच फोडून हात घालील व मूठ फिरवील, म्हणून दुसऱ्या प्रकारचे कुलूप पुष्कळांना अधिक पसंत पडते. परंतु रात्री घर धुराने भरले, दिवे गेले, डोळे चुरचुरू लागले, की खुंटीवरची किल्लीही सापडत नाही. काचेला जाळी लावावी, फळी जाड करावी, दाराची चौकट भक्कम करावी. पण आतून किल्ली लागू नये, असेच या विषयातील जाणते लोक सांगतात. खिडकीच्या गजांनाही आतून उघडणारी एक चौकट असावी असा त्यांचा आग्रह असतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांचा अडसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भिंतीच्या पोटातून ओढून दारामागे आडवा घातलेला तो सागवानी वासा बाहेरून हत्तीलाही दाद देत नसे. आणि आतल्या माणसाला तो सरकविण्यास किल्ली लागत नसे. म्हातारे माणूस आत झोपले आहे म्हणून बाहेरून कडी घालून बाजारात जाण्याची आपली सवय मात्र याच्या अगदी उलट आहे.

पर्किन्सबाईंनी १९१३ साली अग्निसंरक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या वार्षिक सभेत भाषण केले. तोपर्यंत ही संस्था मुख्यतः इमारती व मालमत्ता कशा वाचवाव्यात याचा विचार करी. माणसे मरतात त्याचे काय, हा प्रश्न बाईंनी तिच्यापुढे ठेवला. त्याच वर्षी संस्थेने जीवितरक्षणासाठी वेगळी समिती नेमली आणि तिच्या परिश्रमातून १९२७ साली इमारतींतून बाहेर पडण्याच्या मार्गांची संहिता तयार झाली. भारतात १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, तेव्हा त्यातही असेच कलम घालण्यात आले. खोलीत माणूस असेतोवर दार आतून सहज व तत्काळ उघडता आले पाहिजे, आणि सरकते दार नसेल तर ते बाहेरच्या बाजूस उघडले पाहिजे. मुंबईच्या गिरणीतील एखाद्या कामगाराला त्या कलमाचा उपयोग झाला असेल, तेव्हा दूरच्या न्यूयॉर्कमधील त्या मुलींची नावे त्याला कोठून ठाऊक असणार?

पर्किन्सबाईंचे पुढील आयुष्य मोठ्या घडामोडींचे आहे. ते येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. १९१३ साली त्यांचा पॉल विल्सन यांच्याशी विवाह झाला. विवाहानंतरही त्यांनी स्वतःचेच नाव ठेवले. तीन वर्षांनी कन्या झाली. परंतु थोड्याच काळात पतीला मानसिक व्याधी जडली, ती कायमचीच. घरचा भार बाईंवर पडला आणि तो त्यांनी कोणाजवळ न बोलता वाहिला. १९१९ साली स्मिथ राज्याचे गव्हर्नर झाले व त्यांनी बाईंना औद्योगिक आयोगावर नेमले. १९२९ साली नवे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना आयुक्तपद दिले. तेच रूझवेल्ट १९३३ साली राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी मजूरमंत्रिपद देऊ केले, तेव्हा बाईंनी आधी आपल्या कामांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, बालमजुरीस बंदी, बेकारीचा विमा, वृद्धांना निवृत्तिवेतन. हे मान्य असेल तर मी येते, असा त्यांचा रोख होता. रूझवेल्ट यांनी मान्य केले. बारा वर्षांत त्या यादीतील बहुतेक कामे झाली. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा आणि १९३८ चा वेतन व कामाचे तास यांविषयीचा कायदा ही त्यांतील प्रमुख. विरोधकही थोडे नव्हते. १९३९ साली त्यांच्यावर महाभियोग आणण्याचा ठराव काँग्रेसमध्ये मांडला गेला. तो फेटाळला गेला, परंतु त्या काळात वृत्तपत्रांनी त्यांना फार छळले.

१९४५ साली मंत्रिपद सोडल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. काही वर्षे सरकारी सेवा आयोगावर काम करून १९५७ पासून त्या कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. २५ मार्च १९६१ रोजी आगीला पन्नास वर्षे झाली. त्या जागी लोक जमले, त्यांत आगीतून वाचलेल्या काही वृद्ध स्त्रिया होत्या आणि पर्किन्सबाईही होत्या. ती इमारत विद्यापीठाच्या मालकीची होऊन तिचे नावही बदलले होते. तिच्या वरच्या मजल्यांवर आता विद्यार्थी शिकत होते.

१९६४ च्या सप्टेंबरात कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देताना बाईंनी त्या शनिवारची हकिकत पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. चहाचे घर, बंबांच्या घंटा, चौक ओलांडून धावणे, आणि वरच्या खिडक्या. त्या वेळी त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी १४ मे रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. आजीच्या गावी, न्यूकॅसल येथे, पतीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.